संत जेरोम : मूळ संहितेचा शोध आणि त्याचे मोल

भाषांतरित ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या पठणात राहिला म्हणजे लोकांच्या लेखी तोच मूळ ग्रंथ होऊन बसतो. त्याच्या पाठीमागे दुसऱ्या भाषेतील एक संहिता आहे आणि आपला पाठ तिच्याशी ताडून पाहिला पाहिजे, असे कोणी म्हटले की ते श्रद्धावंताला पाखंड वाटते. चौथ्या शतकाच्या अखेरीस लॅटिन ख्रिस्ती जगात हे म्हणण्याचे धाडस जेरोमने केले. पश्चिम युरोपने हजार वर्षांहून अधिक काळ वाचलेले 'व्हल्गेट' हे लॅटिन बायबल बव्हंशी त्याच्या हातचे होय. युरोपीय चित्रकारांनी त्याच्या पायाशी सिंह बसविला आणि त्याला कार्डिनलची तांबडी टोपी दिली. त्यांपैकी सिंहाची कथा मुळात यार्देन नदीकाठच्या गेरासिमस नावाच्या साधूची, आणि आजच्या अर्थाचे कार्डिनलपद तर जेरोमच्या काळी अस्तित्वातच नव्हते. जेरोमचे नाव असे सर्वपरिचित झाले. परंतु ज्यांच्या आधाराने त्याचे कार्य उभे राहिले ते यहुदी गुरू आणि त्या रोमन विदुषी, तसेच ज्या शब्दांपायी त्याला मित्र गमवावे लागले ते शब्द, यांची ओळख फारच थोड्यांना असते. प्रस्तुत लेखात त्याचे चरित्र या माणसांसह आणि या शब्दांसह पाहावयाचे आहे.

जेरोमचे पूर्ण लॅटिन नाव युसेबियस सोफ्रोनियस हिएरोनिमस. डाल्मेशिया आणि पॅनोनिया या रोमन प्रांतांच्या सीमेवरील स्ट्रिडॉन या गावी, इ. स. ३४७ च्या सुमारास, एका सधन ख्रिस्ती कुटुंबात त्याचा जन्म झाला. हे गाव पुढे गॉथ टोळ्यांनी उद्ध्वस्त केले. त्याची जागा आज निश्चितपणे दाखविता येत नाही. लहानपणीच त्याला शिक्षणासाठी रोमला धाडण्यात आले. तेथे एलियस डोनेटस हा त्या काळचा प्रख्यात वैयाकरण त्याला गुरू म्हणून लाभला. व्हर्जिल, टेरेन्स, सिसेरो यांचे संस्कार त्याच्या मनावर झाले ते याच काळात. पाठभेद पाहणे, शब्दाचा अर्थ संदर्भाने लावणे, पूर्वसूरींची मते नोंदवून मग आपले मत देणे, ही डोनेटसच्या शाळेतील शिस्त त्याने पुढे धर्मग्रंथाला लावली. रविवारी तो सोबत्यांसह रोमच्या भुयारी दफनभूमींत हुतात्म्यांच्या कबरी पाहावयास जात असे. रोममध्येच त्याने बाप्तिस्मा घेतला.

त्यानंतर ट्रिअर या शहरी असताना संन्यस्त जीवनाची ओढ त्याच्या मनात जागी झाली. पुढे आक्विलेया येथे समानशील तरुणांच्या मंडळात तो काही काळ रमला. त्या मंडळात रुफिनस होता. या दोघांचे सख्य इतके की पुढील वैराची कल्पनाही त्या वेळी कोणाला आली नसती. इ. स. ३७३ च्या सुमारास मंडळ फुटले आणि जेरोम पूर्वेच्या वाटेला लागला. अंत्युखियात पोहोचेपर्यंत प्रवासाने त्याची प्रकृती ढासळली, दोन सोबती मृत्यू पावले, आणि तोही तापाने अंथरुणास खिळला.

या आजारात त्याला पडलेले स्वप्न युरोपीय वाङ्मयात प्रसिद्ध आहे. घरदार सोडले तरी रोममध्ये जमविलेला ग्रंथसंग्रह त्याला सोडवला नव्हता. उपवास करावा आणि नंतर सिसेरो वाचावा, अशी त्याची रीत होती. संदेष्ट्यांचे ग्रंथ हाती घेतले तर त्यांची ओबडधोबड लॅटिन त्याला रुचत नसे. स्वप्नात त्याला न्यायासनापुढे ओढून नेण्यात आले. तू कोण, या प्रश्नाला त्याने आपण ख्रिस्ती आहोत असे उत्तर दिले. ते खोटे ठरवून न्यायाधीशाने त्याला सिसेरोचा अनुयायी म्हटले आणि फटक्यांची शिक्षा फर्मावली. पुन्हा लौकिक ग्रंथांना शिवणार नाही, अशी शपथ जेरोमने तेथे घेतली. ही हकीकत त्याने स्वतःच पुढे एका पत्रात लिहून ठेवली आहे. शपथ त्याला शब्दशः पाळता आली नाही, आणि त्याच्या प्रतिपक्षाने त्यावर नेमके बोट ठेवले. तेव्हा स्वप्नातील वचनाचा जाब जागेपणी मागू नये, असा बचाव त्याने केला. परंतु त्या ओबडधोबड लॅटिनमागे दडलेले मूळ कसे असेल, हा प्रश्न या काळातच त्याच्या मनात रुजला असावा.

सुमारे ३७५ ते ३७७ ही वर्षे त्याने सीरियातील खाल्किसच्या वाळवंटात काढली. देहाच्या वासना उपवासाने शमत नाहीत, म्हणून मनाला कठीण काम द्यावे या हेतूने त्याने तेथे हिब्रूचा अभ्यास आरंभिला. त्याचा गुरू ख्रिस्ती झालेला एक यहुदी साधू होता. क्विंटिलियन आणि सिसेरो यांच्या वक्तृत्वावर वाढलेल्या जिभेला हिब्रूचे घशातले, फुत्कारासारखे उच्चार जड गेले. कित्येकदा त्याने पाठ सोडला आणि पुन्हा धरला. तत्कालीन लॅटिन धर्मपंडितांत हिब्रू जाणणारा जवळपास कोणी नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे या श्रमाचे महत्त्व कळते.

त्याच वाळवंटात एका शब्दाने त्याचे जिणे अवघड केले. एकाच ईश्वरात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तीन 'हायपोस्टॅसिस' मानतोस की नाही, असे तेथील साधू त्याला विचारू लागले. ग्रीक धर्मचर्चेत हा शब्द व्यक्तित्व या अर्थी स्थिरावत होता. परंतु त्याचे अवयवशः लॅटिन रूप 'सब्स्टान्शिया' असे होते, आणि त्याचा अर्थ द्रव्य, मूलसत्ता. तीन सत्ता म्हणजे तीन देव, असेच लॅटिन कानाला ऐकू येई. जेरोमने रोमचा बिशप डामासस याला पत्रे पाठवून निर्णय मागितला. उत्तर आल्याची नोंद नाही. एकाच श्रद्धेची माणसे दोन भाषांतील एका शब्दामुळे परस्परांना पाखंडी ठरवू शकतात, हा धडा मात्र त्याला मिळाला. वाळवंट सोडून तो अंत्युखियाला परतला. आपले साधुत्व अबाधित राहावे, या अटीवर त्याने धर्मगुरूची दीक्षा घेतली. नंतर कॉन्स्टँटिनोपलला ग्रेगरी नाझियान्झस याच्यापाशी त्याने शास्त्राध्ययन केले, आणि युसेबियसच्या ग्रीक कालपटाचे लॅटिन भाषांतर करून त्यात इ. स. ३७८ पर्यंतची भर घातली.

इ. स. ३८२ मध्ये एका धर्मपरिषदेच्या निमित्ताने तो रोमला आला आणि डामाससच्या सेवेत राहिला. त्या काळी प्रचलित लॅटिन बायबल हा एक ग्रंथ नव्हता. निरनिराळ्या हातांनी निरनिराळ्या काळी केलेल्या भाषांतरांचा तो संमिश्र समूह होता. प्रत्येक हस्तलिखिताचा पाठ वेगळा होता. शुभवर्तमानांचा पाठ ग्रीकशी ताडून शुद्ध करावा, अशी आज्ञा डामाससने त्याला केली. ३८४ मध्ये चार शुभवर्तमानांचे काम पुरे झाले. लहानपणापासून कानी पडलेला शब्द बदललेला दिसताच विद्वान आणि अडाणी दोघेही आपल्याला भ्रष्टकार म्हणतील, हे भाकीत त्याने प्रस्तावनेतच करून ठेवले होते. ते खरे ठरले.

रोममधील या तीन वर्षांत त्याला जो शिष्यवर्ग मिळाला तो प्रामुख्याने स्त्रियांचा. आव्हेंटाइन टेकडीवर मार्सेला नावाची कुलीन विधवा आपल्या वाड्यात काही स्त्रियांसह व्रतस्थ राहत असे. धर्मग्रंथातील अडलेल्या स्थळांविषयी ती जेरोमला प्रश्न विचारी आणि केवळ त्याने सांगितले म्हणून उत्तर मान्य करीत नसे. जेरोम रोम सोडून गेल्यावर धर्मगुरूसुद्धा शंका घेऊन तिच्याकडे येत; पण स्त्रीने पुरुषांना शिकविले असे दिसू नये म्हणून आपले उत्तर ती जेरोमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या नावावर घाली. हे जेरोमनेच लिहून ठेवले आहे. मार्सेलाची स्वतःची एकही ओळ शिल्लक नाही.

या मंडळातील दुसरी विदुषी पाउला. स्किपिओ आणि ग्रॅकस या घराण्यांशी नाते सांगणारी ही स्त्री जेरोमच्याच वयाची होती. वैधव्य आल्यावर चार मुली आणि एक मुलगा यांची ही आई विरक्तीकडे वळली. तिची तिसरी मुलगी युस्टोकियम आईच्या सोबतीने शिकू लागली. थोरली ब्लेसिला लग्नानंतर थोड्याच महिन्यांत विधवा झाली होती. जेरोमच्या उपदेशाने तिनेही कडक तप आरंभिले आणि चार महिन्यांच्या आत, विशीच्या घरात, ती मृत्यू पावली. अंत्ययात्रेत शोकाने पाउला मूर्च्छित झाली, तेव्हा या साधूंना शहराबाहेर हाकला, असा लोकक्षोभ उसळला. जेरोमने पाउलाला लिहिलेल्या सांत्वनपत्रात तिच्या अतिशोकाबद्दल तिचीच कानउघाडणी आढळते. हे पत्र वाचताना आजच्या वाचकाला अवघडल्यासारखे होते. आपल्या शब्दाने एका तरुण जीवाचे काय झाले, या प्रश्नापाशी तो त्यात क्षणभरही थांबलेला दिसत नाही.

डिसेंबर ३८४ मध्ये डामासस निवर्तला आणि जेरोमचा आधार तुटला. पाउलाशी असलेल्या त्याच्या संबंधाविषयी कुजबूज होतीच. ऑगस्ट ३८५ मध्ये त्याने रोम कायमचे सोडले. मागोमाग पाउला आणि युस्टोकियम निघाल्या. बंदरावर धाकटा मुलगा हात पसरून उभा होता, आणि लग्नाला आलेली रुफिना निःशब्द रडत होती; जहाज दूर जाताना पाउलाने तिकडे पाठ फिरविली, असे वर्णन जेरोमने केले आहे. पॅलेस्टाइन आणि ईजिप्तची यात्रा करून, अलेक्झांड्रियात डिडिमस या अंध भाष्यकाराकडे महिनाभर शिकून, ३८६ मध्ये ही मंडळी बेथलेहेमला स्थिर झाली. पाउलाच्या पैशाने पुरुषांसाठी एक मठ, स्त्रियांसाठी तीन आणि यात्रेकरूंसाठी धर्मशाळा अशी वास्तू तीन वर्षांत उभी राहिली.

येथे जेरोमने आयुष्यातील मुख्य कार्य हाती घेतले. लॅटिन 'जुना करार' हा मूळ हिब्रूवरून केलेला नव्हता. 'सेप्टुअजिंट' या ग्रीक भाषांतराचे ते भाषांतर होते. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात ७२ यहुदी वडीलधाऱ्यांनी ७२ दिवसांत हे ग्रीक भाषांतर केले, अशी जुनी कथा आहे. पुढे तिला अशी जोड मिळाली की हे भाषांतरकार वेगवेगळ्या खोल्यांत बसले होते आणि तरीही सर्वांचे शब्द जुळले. अर्थात हे भाषांतर ईश्वरप्रेरित ठरले. ख्रिस्ताच्या शिष्यांनी ज्यातून वचने घेतली तो हाच पाठ. जेरोमने खोल्यांच्या कथेची थट्टा केली. भाषांतरकार वेगळा आणि संदेष्टा वेगळा, असे त्याने स्पष्ट म्हटले. ग्रीक आणि हिब्रू यांत फरक असेल तेथे हिब्रू प्रमाण मानावे, या भूमिकेला त्याने 'हिब्रू सत्य' असे नाव दिले. ३९० च्या सुमारास शमुवेल आणि राजे या ग्रंथांपासून आरंभ करून सुमारे ४०५ पर्यंत त्याने हिब्रू संहितेचे लॅटिन भाषांतर पुरे केले.

हे काम त्याने एकट्याने केले नाही. बेथलेहेमला बारानिनास नावाचा यहुदी शिक्षक त्याला शिकवावयास रात्रीच्या वेळी येई. दिवसा आला असता तर त्याच्याच समाजाचा रोष ओढवला असता. ईयोबाच्या ग्रंथासाठी लिद्दा येथील एका पंडिताला जेरोमने मोठी रक्कम देऊन आणविले. तोबिताची कथा अरामी भाषेत होती. ती जाणणारा एक जण हिब्रूत अर्थ सांगे, आणि जेरोम तो लॅटिनमध्ये लेखनिकाला सांगे. असे ते पुस्तक एका दिवसात झाले. कैसरियाच्या ग्रंथालयात ओरिजेनचा 'हेक्साप्ला' हा हिब्रू संहिता आणि ग्रीक भाषांतरे शेजारी शेजारी मांडलेला महाग्रंथ होता, त्याचाही त्याने आधार घेतला. त्याचे हिब्रू ज्ञान किती स्वतंत्र होते याविषयी आधुनिक विद्वानांत वाद आहे. अनेक ठिकाणी आक्विला, सिमॅकस, थिओडोशन या ग्रीक भाषांतरकारांचा हात धरूनच तो चालतो.

पाउला आणि युस्टोकियम या दोघींनी हिब्रू आत्मसात केली होती. पाउला स्तोत्रे हिब्रूत म्हणे आणि तिच्या उच्चारात लॅटिनची छटा उरली नव्हती, अशी ग्वाही जेरोम देतो. अडलेल्या स्थळी त्या त्याला पुढे जाऊ देत नसत. भाष्ये लिहिण्याचा तगादा त्यांचाच असे. अनेक ग्रंथांच्या प्रस्तावना त्याने त्यांना उद्देशून लिहिल्या. विद्वान पुरुष असताना स्त्रियांना ग्रंथ अर्पण का, असे टीकाकारांनी विचारले. त्याला उत्तर देताना त्याने जी उदाहरणे दिली त्यांत हुल्दा ही संदेष्ट्री आहे. योशीया राजाच्या काळी यरुशलेमच्या मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला, तेव्हा त्याविषयी देवाचा कौल विचारण्यासाठी राजाची माणसे या हुल्दाकडेच गेली होती. बायबलातील ही अल्पपरिचित स्त्री जेरोमला या प्रसंगी आठवावी, हे अर्थपूर्ण आहे.

नव्या भाषांतरातील शब्दांनी मात्र वादळे उठविली. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध वाद एका वनस्पतीचा. निनवे शहराबाहेर उन्हात बसलेल्या योना संदेष्ट्यावर सावली धरण्यासाठी देवाने एका रात्रीत जे झाड वाढविले त्याला हिब्रूत 'किकायोन' म्हणतात. ग्रीक भाषांतरात त्याचा भोपळ्याचा वेल झाला होता आणि जुन्या लॅटिन पाठात तोच होता. जेरोमने त्याऐवजी 'हेदेरा' म्हणजे आयव्हीचा वेल घातला. आफ्रिकेतील ओएआ या नगरी, आजच्या त्रिपोलीत, बिशपने हे नवे भाषांतर उपासनेत वाचावयास लावले तेव्हा सभेत गोंधळ माजला. बिशपने स्थानिक यहुद्यांना विचारले. त्यांनी जुन्याच शब्दाच्या बाजूने कौल दिला. माणसे सोडून जातील या भयाने बिशपला जुना शब्द परत आणावा लागला.

हा वृत्तान्त हिप्पोचा बिशप ऑगस्टिन याने ४०३ मध्ये जेरोमला कळविला. त्याची चिंता वरवरची नव्हती. ग्रीक चर्च सेप्टुअजिंट वाचणार आणि लॅटिन चर्च दुसरेच काही वाचू लागले, तर दोहोंतील एकोपा कसा टिकेल? आणि शंका आली तर जेरोमचा शब्द कोणी पडताळावयाचा, कारण हिब्रू जाणणारा लॅटिन पंडित दुसरा कोण आहे? जेरोमने उत्तर दिले ते तिखट होते. हिब्रूत भोपळा नाही, ते रुंद पानांचे, झपाट्याने वाढणारे, आपल्याच खोडावर उभे राहणारे झुडूप आहे, लॅटिनला त्याचे नाव नाही, मूळ शब्द तसाच ठेवला असता तर कोणाला कळला नसता, म्हणून आयव्ही. वास्तविक त्याने केलेले वर्णन एरंडाला चपखल लागू पडते, आणि आजचे अनेक विद्वान किकायोन म्हणजे एरंडच मानतात. म्हणजे झाड त्याने बरोबर ओळखले होते, आणि तरी शब्द दुसऱ्याच वनस्पतीचा घातला. मूळ शब्दाला प्रतिशब्द नसेल तर काय करावे, या प्रश्नाचे निर्दोष उत्तर त्याच्यापाशीही नव्हते.

इतर काही शब्दांचे भवितव्य त्याच्या कल्पनेपलीकडचे ठरले. सीनाय पर्वतावरून उतरणाऱ्या मोशेच्या मुखाविषयी निर्गम ग्रंथात जे क्रियापद आहे ते किरण फाकणे आणि शिंग फुटणे या दोन्ही अर्थांशी जोडता येते. आक्विलाच्या मागे जाऊन जेरोमने शिंगांचा अर्थ घेतला, त्यातही त्याला तेज आणि वैभवच अभिप्रेत होते. परंतु त्यामुळे मध्ययुगीन कलेत मोशेला शिंगे फुटली, आणि मायकेलअँजेलोने घडविलेल्या रोममधील मूर्तीवर ती आजही दिसतात. यशयाच्या ग्रंथात बाबेलच्या गर्विष्ठ राजाला पहाटेचा तारा म्हटले आहे. जेरोमच्या लॅटिनात त्याचे 'लूसिफर' झाले. हे शुक्राचे साधे लॅटिन नाव. पुढे ते सैतानाचे विशेषनाम बनले.

दरम्यान रुफिनसशी असलेले सख्य संपले होते. रुफिनस जैतुनाच्या डोंगरावर ज्येष्ठ मेलानिया या रोमन विदुषीने स्थापिलेल्या मठात राहत असे. दोघांचाही आदर्श ओरिजेन. ३९३ मध्ये ओरिजेनच्या मतांना पाखंड ठरविण्याची लाट आली तेव्हा जेरोमने त्याच्याशी संबंध तोडला. रुफिनसने नकार दिला. काही वर्षांनी समेट झाला, पण ३९८ मध्ये रुफिनसने ओरिजेनच्या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर करताना आपण जेरोमच्याच पावलांवर चालत आहोत असे सूचित केले आणि वैर पेटले. जेरोमने एका यहुद्याच्या नादी लागून चर्चचा ग्रंथ बिघडविला, हा रुफिनसचा मुख्य आरोप. बारानिनास या नावावर श्लेष करून, ख्रिस्ताऐवजी ज्याची सुटका झाली त्या बरब्बाचे नाव त्याने या शिक्षकाला दिले. जेरोमनेही तोल सोडला, आणि रुफिनस सिसिलीत मृत्यू पावल्यावरही त्याची निंदा थांबविली नाही. हिब्रू गुरूंचे ऋण सांगणारा हाच जेरोम आपल्या भाष्यांत यहुदी समाजाविषयी कठोर आणि अनुदार लिहितो. ओरिजेनला जाहीरपणे टाकल्यावरही त्याच्या भाष्यांतील मजकूर तो नाव न घेता वापरतो. हे दोष झाकून त्याचे चरित्र लिहिता येत नाही.

२६ जानेवारी ४०४ रोजी पाउला निवर्तली. सारी संपत्ती दानात आणि मठांत संपली होती. मुलीच्या वाट्याला कर्ज आले. तिच्या अंत्यविधीत ग्रीक, लॅटिन आणि सीरियन या तीन भाषांत स्तोत्रे गाइली गेली, आणि बिशपांनी खांदा दिला. जेरोम काही काळ लिहू शकला नाही. मग दोन रात्रींत त्याने तिचे चरित्र युस्टोकियमला उद्देशून लेखनिकाला सांगितले. ऑगस्ट ४१० मध्ये अलारिकच्या सैन्याने रोम लुटले. वृद्ध मार्सेलाला सैनिकांनी मारहाण केली आणि थोड्याच दिवसांत ती वारली. यहेज्केलाच्या ग्रंथावरील भाष्य त्या बातमीने थांबले. निर्वासितांचे लोंढे बेथलेहेमला येऊ लागले; दिवस त्यांच्या सेवेत जाई, आणि रात्री दिव्याच्या उजेडात क्षीण दृष्टीला हिब्रू अक्षरे दिसत नसत. ४१६ मध्ये एका जमावाने मठांवर हल्ला करून आग लावली. त्यानंतर थोड्याच वर्षांत युस्टोकियमही गेली. जेरोमचा मृत्यू परंपरेने ३० सप्टेंबर ४२० या दिवशी मानला जातो.

त्याचे भाषांतर त्याच्या हयातीत सर्वमान्य झाले नाही. ते हळूहळू, शतकांच्या वापराने रूढ झाले, आणि तेही पूर्णतः त्याच्या इच्छेप्रमाणे नाही. स्तोत्रसंहितेचे हिब्रूवरून केलेले त्याचे भाषांतर मागे पडले. ग्रीकच्या आधारे त्याने आधी केलेली सुधारित आवृत्तीच व्हल्गेटमध्ये राहिली, कारण ती उपासकांच्या तोंडी बसली होती. ज्या पुस्तकांना हिब्रू संहिता नाही म्हणून तो प्रमाण मानीत नव्हता, तीही ग्रंथात राहिली. इ. स. १५४६ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने व्हल्गेट हाच प्रमाण लॅटिन पाठ ठरविला. त्याच्या तीस वर्षे आधी इरॅस्मसने जेरोमचे समग्र ग्रंथ संपादून छापले आणि त्याच वर्षी, १५१६ मध्ये, ग्रीक 'नवा करार' नव्या लॅटिन भाषांतरासह प्रसिद्ध केला. तेव्हा रूढ शब्द बदलल्याचा जो आरोप जेरोमवर झाला होता तोच जेरोमच्या बाजूने इरॅस्मसवर झाला. रूढ पाठाला आव्हान देणारा स्वतःच रूढ पाठ झाला होता.

मराठी वाचकाला येथे पंडिता रमाबाईंचे स्मरण होणे साहजिक आहे. प्रचलित मराठी बायबलच्या भाषेने समाधान न झाल्याने त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती सदनात संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ते तेथीलच छापखान्यात, तेथील स्त्रियांच्या हातांनी छापले गेले आणि रमाबाईंच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, पूर्ण रूपाने प्रसिद्ध झाले. जेरोमचा त्यांच्यावर काही परिणाम होता असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु बेथलेहेमला जी हिब्रू जाणणारी स्त्री प्रस्तावनेतील संबोधनापुरती उरली, तिच्यासारखीच एक स्त्री केडगावात मुखपृष्ठावर भाषांतरकार म्हणून आली, ही गोष्ट दोन्ही चरित्रे जवळ ठेवून पाहिली म्हणजे ध्यानात येते.

जेरोमच्या आयुष्याचे मोल ठरविताना ओएआच्या बिशपला विसरून चालत नाही. मूळ संहितेशी इमान राखावे की ऐकणाऱ्या समाजाशी, या पेचात जेरोमने आपली बाजू निश्चित केली आणि तिच्यासाठी मित्र, लौकिक आणि दृष्टी खर्च केली. बिशपने दुसरी बाजू घेतली, कारण रिकाम्या मंदिरात अचूक पाठ वाचून काय साधणार, हे त्याच्यापुढचे वास्तव होते. आपल्या देशात प्राचीन ग्रंथ एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाला या दोघांपैकी कोणाच्या ना कोणाच्या जागी केव्हातरी उभे राहावेच लागते.